दोघांपुरती बोट

खिदिरपूर गोदीत मालवाहू जहाजाच्या डेकवरून ती बोट क्रेनने उचलली, तेव्हा धक्क्यावर चौदा माणसं माना वर करून उभी होती. मी मोजली. मरीन सर्व्हेयरचं काम वीसेक वर्षं केलं की मोजायची खोडच लागते. भेगा मोजायच्या, बोल्ट मोजायचे, रिकाम्या वेळात माणसं मोजायची. चौघं दोर ताणून बोट हवेत गरगरू नये म्हणून धडपडत होते, दोघं क्रेनवाल्याला हातवारे करत होते, एकजण त्या दोघांना शिव्या घालत होता आणि उरलेले नुसतेच बघायला आले होते. त्या गोंगाटात चीफसाहेब माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "दोघांनी चालवायची बोट आहे ही. आम्ही दोघंच जाणार."

चीफसाहेब मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. बायको शाळेत भूगोल शिकवायची. तिला मी बौदी, म्हणजे वहिनी, म्हणायचो. जन्मभराची पुंजी घालून दोघांनी युरोपात ही जुनी शिडाची यॉट घेतली होती. चव्वेचाळीस फूट लांब, वजन दहा टनांच्या आत. ती कोलकात्यात उतरवायची, डोलकाठी उभी करायची आणि हुगळीतून समुद्रात काढून पोर्ट ब्लेअरला न्यायची. समुद्रमार्गे हे अंतर साडेबाराशे किलोमीटर भरतं. विमा उतरवायचा तर सर्व्हे हवा, म्हणून मी.

माझं रोजचं काम बार्ज, टग आणि लाँचेसचं. गंजलेला पत्रा, झिजलेला शाफ्ट, दडवलेलं वेल्डिंग. एवढी नाजूक बोट माझ्या वाट्याला क्वचित येते. पण मी मूळचा देवगडचा. माझे काका मचव्यावर तांडेल होते आणि पोहायच्या आधी मी शिडाखाली बसायला शिकलो. त्यामुळे काम घेताना पैशांचं फारसं बोललो नाही, आणि ते चीफसाहेबांच्या लगेच लक्षात आलं.

कोलकात्यात 'दोघांपुरती' या शब्दाचं हसू येतं. इथे बल्ब बदलायला एक माणूस येतो, त्याच्यासोबत शिडी धरणारा येतो आणि शिडीवाल्याशी गप्पा मारायला तिसरा. हातांची टंचाई हा या शहराचा प्रश्न कधीच नव्हता. म्हणून डोलकाठी उभी करायच्या दिवशी गोदीतल्या मुकादमाने मला विचारलं, "दादा, साहेबांकडे पैसे कमी आहेत का? दोन खलाशी जास्त घेतले तर काय बिघडतं?" त्याला सांगायचं तर काय सांगायचं? की जगात अशी पुष्कळ जोडपी आहेत, ज्यांना बोटीवर तिसरं माणूस नको असतं? शेवटी मी म्हटलं, "पैसे बोटीतच गेले." ते त्याला पटलं.

आणि ते खरंही होतं. माणसं कमी करायला पैसे लागतात. तो खर्च कुठे जातो हे मी पुढचे नऊ दिवस बघत होतो. जुन्या धाटणीच्या बोटीत पुढचं शीड म्हणजे जिब मोठं असतं, डोलकाठीच्या मागेपर्यंत येणारं. वाऱ्याची बाजू बदलली की एकाने एकीकडचा दोर सोडायचा, दुसऱ्याने दुसरीकडचा ओढायचा, तिसऱ्याने सुकाणू धरायचं. या बोटीचं जिब लहान, डोलकाठीच्या पुढेच संपणारं आणि एका वाकड्या रुळावर आपोआप सरकणारं. चाक फिरवा, शीड स्वतःच पलीकडे जातं. कमी पडलेलं बळ मागचं मेनसेल भरून काढतं, म्हणून ते मोठं. मोठं शीड आवरायला त्याच्या दोन्ही बाजूंना दोऱ्यांची जाळी आणि आडव्या दांड्यावर म्हणजे बूमवर उघडी पिशवी. वर चढवायला विजेचा विंच. सगळे दोर डोलकाठीच्या बुडापासून डेकच्या खालून मागे कॉकपिटपर्यंत आणलेले, म्हणजे कुणाला पुढे हिंदकळणाऱ्या डेकवर जायला नको. सुकाणू धरायला ऑटोपायलट, जो न झोपता, न कंटाळता, चहा न मागता रात्रभर चाक फिरवतो.

वेगाचंही गणित आहे. वजनदार बोट पाण्यात स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. पाण्यातली लांबी चाळीस फूट असेल तर साधारण साडेआठ नॉटच्या पुढे ती हट्टाला पेटली तरी जात नाही. हलकी, मागे रुंद आणि सपाट बोट मात्र वारा पाठीशी असला की ती लाट ओलांडून घसरत पुढे जाते. चीफसाहेबांना याचंच वेड. मी विचारलं, निवृत्तीनंतर कसली घाई? ते म्हणाले, "वेग म्हणजे घाई नाही. वादळाचा अंदाज तीन दिवस आधी कळतो. तीन दिवसांत मी किती लांब जाऊ शकतो, तेवढा मी सुरक्षित." इंजिनिअरचं उत्तर. मला ते निम्मं पटलं, अजूनही निम्मंच पटतं.

सर्व्हे म्हणजे बहुतेक वेळ गुडघ्यांवर काढायचा असतो. प्लास्टिकच्या हातोडीने बोटीच्या कातडीवर इंच इंच टकटक करत जायचं. आवाज खणखणीत आला तर आतले थर एकजीव, बोदा आला तर थर सुटलेत. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांची टोकं भिंगाखाली बघायची. केसाएवढी चीर दिसली तरी तार रद्द. किलचे बोल्ट, सुकाणूचे बेअरिंग. दोन तारा मी रद्द केल्या, बाकी बोट ठणठणीत होती.

माझी कुरकुर वेगळीच होती. दोर मागे आणायचा म्हणजे तो वरच्या कप्पीवरून, बुडाच्या कप्पीवरून, डेकवरच्या कप्पीवरून, मग पकडीतून आणि शेवटी विंचवर. प्रत्येक वळणावर दोराची थोडी ताकद मरते. डोलकाठीपाशी उभं राहून एक माणूस हाताने चढवेल ते शीड कॉकपिटमधून चढवायला मोटर लागते, आणि मोटरला कळत नाही कुठे काय अडकलंय. ती ओढतच राहते. शीड फाटेल, हाताचं बोट चिरडेल. ती हूं की चूं करत नाही. मी हे बोललो तर चीफसाहेब म्हणाले, "मोटरला नाही कळत. मला कळतं. आयुष्यभर मी मोटरांचे आवाज ऐकले."

बौदी या चर्चेत भाग घेत नसे. ती रोज सकाळी मेनसेलचा दोर, ज्याने शीड वर चढतं तो, पिशवीतून काढून पुन्हा आठाच्या आकड्यासारख्या वेटोळ्यांनी नीट आत भरायची. रोज. बोट गोदीत बांधलेली, शीड चढवलेलंही नाही, तरी. चीफसाहेब चेष्टा करायचे, "तिची पूजा चाललीय."

संध्याकाळी चहाला गप्पा व्हायच्या. मराठी माणूस म्हटला की बंगालात आधी बर्गी निघतो. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा इथे आल्या, कलकत्त्याने घाबरून १७४२ मध्ये मराठा खंदक खणला आणि आजही आया मुलांना बर्गीची भीती घालून झोपवतात. हजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात आम्ही आपसात त्यावर हसतो, बाहेर थोडे ओशाळतो. पण बौदीने एक दिवस वेगळाच विषय काढला. "तुमच्याकडचा कान्होजी आंग्रे," ती म्हणाली, "तो आमच्याकडे होडीचं नाव आहे." १९६९ मध्ये पिनाकी चॅटर्जी आणि जॉर्ज अल्बर्ट ड्यूक या दोघांनी कोलकात्याहून अंदमानापर्यंत एक छोटी होडी वल्हवत नेली होती, आणि त्या होडीचं नाव होतं 'कान्होजी आंग्रे'. ना शीड, ना मोटर. दोन माणसं आणि वल्ही. बौदी तेव्हा शाळेत शिकत होती. तिच्या डोक्यात अंदमान आणि 'दोघं' हे शब्द तेव्हापासूनच एकत्र बसलेले असावेत. सरखेल आंग्र्यांचं नाव मी लहानपणापासून विजयदुर्गाच्या तटाखाली ऐकलेलं. ते माझ्या आधी इथून समुद्रात गेलं होतं हे मला बौदीकडून कळलं.

गोदीतून बाहेर पडताना पहिली फजिती झाली. खिदिरपूरला पाणी अडवून ठेवलेलं असतं, नदीत जायला लॉकच्या दरवाजांतून जावं लागतं. या बोटीला सुकाणू दोन, कारण मागची बाजू इतकी रुंद की बोट कलली की एक सुकाणू पाण्याबाहेर येतं. पंखा मात्र एकच, मधोमध. पंख्याचं पाणी कुठल्याच सुकाणूवर आदळत नाही, म्हणून कमी वेगात बोट बहिरी होते. चाक फिरवलं तरी ती आपली सरळ भिंतीकडे. अटलांटिक ओलांडायला केलेली बोट माणूस चालतो एवढ्या वेगात लंगडी. शेवटी भिंतीवरच्या पाचसहा जणांनी दोर झेलले आणि म्हशीला नेतात तसं तिला बाहेर नेलं. मुकादम माझ्याकडे बघत होता. काही बोलला नाही, तेच पुरेसं होतं.

बाहेर पडल्यावर आम्ही आधी वर प्रिन्सेप घाटाकडे गेलो, चाचणीला. विद्यासागर सेतूखालून जाताना आमची डोलकाठी पुलाला धडकणारच असं तिघांनाही वाटलं. खालून बघताना नेहमीच असं वाटतं. पूल पाण्यापासून सव्वीस मीटर उंच आहे हे मला तोंडपाठ होतं, तरी मी मान आत घेतली. हावडा पूल मात्र समोर दिसत राहिला, तिथे जायचा प्रश्नच नव्हता. मग वळलो आणि ओहोटी धरून खाली निघालो.

हुगळीत दिवस निवडावा लागतो. उधाणाच्या दिवसांत भरतीचं पाणी भिंतीसारखं नदीतून वर चढत येतं. त्याला इथे बान म्हणतात. घाटावरून ओरडा होतो, "बान आश्छे!", आणि नावाडी काठ सोडून होड्या मधोमध नेऊन नाळ लाटेकडे करून थांबतात. आम्ही म्हणून भांगाचे दिवस घेतले होते. बजबज, उलुबेरिया मागे पडलं. पुढे दामोदर आणि रूपनारायण येऊन मिळतात तिथे जेम्स अँड मेरी नावाचा वाळूचा दांडा आहे. १६९४ मध्ये 'रॉयल जेम्स अँड मेरी' हे जहाज तिथे बुडालं. दांडा जागा बदलतो, नाव बदलत नाही. आम्हाला पाण्याखाली सव्वादोन मीटर किल होती, त्यामुळे तो पट्टा मी श्वास रोखून काढला. रात्री डायमंड हार्बरला नांगर टाकला.

माझा नियम ठरलेला होता. निघतानाच दोघांना सांगितलं होतं, "मी नाही असं समजा." दोघांना बोट चालवता येते का, हेच मला विमा कंपनीला लिहून द्यायचं होतं. तिसऱ्याचा हात लागला की परीक्षा रद्द. मी कोपऱ्यात बसायचो, हात खिशात.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुल्पीच्या खाली नदी इतकी रुंद झाली की डावा काठ नुसती रेघ. मार्च संपत आला होता. वारा मऊ, शिडं पूर्ण उघडी, ऑटोपायलटवर बोट आणि चीफसाहेब स्कोअर सांगितल्यासारखा वेग वाचून दाखवत होते. बौदीनेच आधी बघितलं. वायव्येला काठावरची झाडं काळी झाली होती. कालबैशाखी. उन्हाळ्याच्या तोंडावर बंगालात संध्याकाळच्या सुमारास येणारं वादळ. उन्हाने तापलेली शहरं त्याची वाट बघतात, नदीवरची माणसं बघत नाहीत. वारा आधी पडला. मग पाण्यावरून थंड फुंकर आली, ओल्या मातीच्या वासाची.

"दुसरा रीफ," चीफसाहेब म्हणाले. म्हणजे मेनसेल बरंच खाली घेऊन त्याचा खालचा भाग बांधून टाकायचा. या बोटीत त्यासाठी एकच दोर. बूमच्या पोटातून जातो, एका ओढीत पुढचा-मागचा असे दोन्ही कोपरे खाली बसवतो. डेकवर कुणी जायला नको. त्यांनी थोडं शीड उतरवलं, बटण दाबलं. दोर आला, आला, आणि विंचचा आवाज बदलला. चीफसाहेबांनी क्षणात बटणावरचं बोट उचललं. कान खरंच तयार होते त्यांचे. पण दोर अडकला होता, शीड अर्ध्यावर लटकलेलं आणि वारा पोचला होता.

मला कारण बसल्या जागी कळलं. दोन दिवसांपूर्वी गोदीत तो दोर जुना वाटला म्हणून मीच नवा ओवून दिला होता. सर्व्हेयरने दोर ओवायचे नसतात. पण काकांच्या मचव्यापासूनची हौस. हातात दोर आला की मी शहाणपणा विसरतो. बूमच्या पोटात तो पहिल्या रीफच्या दोराला पीळ घालून गेला असणार, आणि चाचणीत आम्ही दुसरा रीफ घेऊनच बघितला नव्हता. बोट कलंडली, भांडी खाली आदळली. माझे हात खिशातून बाहेर आले. चीफसाहेब डोलकाठीकडे जायला उठले.

"आपनी बोशून," बौदी म्हणाली. म्हणजे, तुम्ही बसा. मला वाटलं मला म्हणतेय. ती दोघांनाही म्हणत होती, नवऱ्यालाही त्या घाईत 'आपनी'. तिने इंजिन सुरू केलं, नाळ वाऱ्यात वळवली, आणि शीड फडफडू लागताच वर चढवणाऱ्या दोराची पकड उघडून टाकली. बस. रोज सकाळी आठाच्या वेटोळ्यांनी भरलेला तो दोर पिशवीतून कुठेही न अडकता सर्रकन गेला, आणि एवढं मोठं मेनसेल आपल्या वजनाने जाळीतून पिशवीत येऊन पडलं. सात-आठ सेकंद. मग तिने जिब थोडं गुंडाळलं, बोट पुन्हा वाऱ्याला पाठ देऊन वळवली, आणि गारांचा पाऊस आमच्यावर कोसळला तेव्हा आम्ही त्या रुमालाएवढ्या शिडावर सहा नॉटने खाली चाललो होतो.

पाऊस येण्याच्या आधी मी आणखी एक बघितलं. आमच्या उजवीकडे मासेमारीची एक नौका होती, बाप-लेक असावेत. एक शीड, मागे एक लांब हाल, म्हणजे सुकाणूचं वल्हं. आमची पकड उघडली त्याच सुमारास बापाने एक दोर सोडला आणि त्यांचंही शीड खाली आलं. त्याने बसल्या जागेवरून उठायचेही कष्ट घेतले नाहीत.

काकांचं वाक्य तेव्हा आठवलं. मी सातआठ वर्षांचा असताना शिडाचा दोर खुंटीला पक्का बांधून मोकळा झालो होतो, तर त्यांनी पाठीत धपाटा घातला. "दोर बांधू नको रे, हातात धर. वारो इचारून येणा नाय." पुढे मी कित्येक बोटींवर चढलो आणि ओढायच्या यंत्रांकडेच बघत राहिलो: किती टनाचा विंच, किती कप्प्या, मोटर कितीची. सर्व्हेच्या फॉर्ममध्येही तेच रकाने आहेत. बसल्या जागेवरून काय काय सोडून देता येतं, हा रकाना नाही.

नंतर वाचताना जाणवलं की या प्रकारच्या बोटींची सुरुवातही अशाच एका आळशी वाटणाऱ्या माणसापासून झाली. १९६० मध्ये एकेकट्यांची पहिली अटलांटिक शर्यत भरली, तेव्हा ब्लाँडी हॅस्लरने आपल्या पंचवीस फुटी 'जेस्टर'वर चिनी जंकचं शीड लावलं होतं. बांबूच्या पट्ट्यांसारख्या आडव्या काड्यांचं. दोर सोडला की पडद्यासारखं घडी होऊन खाली येणारं. सुकाणू वाऱ्यावर चालणाऱ्या पात्याला जोडलेलं. हॅस्लर बहुतेक काळ झाकणाच्या भोकातून डोकं काढून बसला आणि ४८ दिवसांत न्यूयॉर्कला पोचला. शर्यत फ्रान्सिस चिचेस्टरने ४० दिवसांत जिंकली, पण मला हॅस्लरच जवळचा वाटतो.

आपल्याकडची 'तारिणी' ही नौदलाची शिडाची बोट बघा. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेली, नौदलाच्याच 'म्हादेई' बोटीच्या मागची. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा अधिकारी महिलांनी तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा केली. २ ऑक्टोबर २०२४ ला तीच बोट पुन्हा गोव्याहून निघाली, तेव्हा तिच्यावर नौदलाच्याच दिलना आणि रूपा या दोघी अधिकारी होत्या. २९ मे २०२५ ला परत आल्या. बोट तीच, सतरा मीटर, डोलकाठी पंचवीस मीटर. सहांच्या कामाचं दोघींनी काय केलं असेल, कोणती कामं सोडूनच दिली असतील, हे त्यांच्या तोंडून ऐकायला मला फार आवडेल. सत्कारांत ते कुणी विचारत नाही.

सागर बेटाच्या आडोशाला नांगर टाकल्यावर मी बूम उघडून दोराचा पीळ काढला. अर्धा तास लागला. चीफसाहेब टॉर्च धरून उभे होते आणि काही बोलत नव्हते. त्यापेक्षा शिव्या बऱ्या. अहवालात मी लिहिलं: दुसऱ्या रीफचा दोर बूममध्ये अडकला, कारण, तो सर्व्हेयरने चुकीचा ओवला. ते वाक्य गाळता आलं असतं. विमा कंपनीच्या माणसाने नंतर फोन करून विचारलं, हे खरंच असं छापायचं का. कमीत कमी माणसांच्या रकान्यात मी 'दोन' लिहिलं. त्याखाली शेरा टाकला: मेनसेलचा दोर रोज सकाळी पिशवीत नव्याने भरला जातो. त्या माणसाने हा शेरा कशासाठी, तेही विचारलं.

पहाटे मला न्यायला बेटावरच्या कचुबेरियाची एक भुतभुती, म्हणजे इंजिनाची होडी, आली. बौदीने डब्यात लुची आणि आलूर दम दिला, चीफसाहेबांनी हात हातात घेतला आणि विंचच्या मोटरबद्दल काहीतरी म्हणाले. आम्ही थोडं दूर गेल्यावर मी वळून बघितलं तर त्यांचा नांगर वर येत होता. मग मेनसेल चढलं. डेकवर कुणीच दिसत नव्हतं. शीड आपलं आपण वर चाललंय असं वाटत होतं. भुतभुतीवाल्याने इंजिन बंद करून दोन मिनिटं ते बघितलं आणि विचारलं, "माणसं कुठायत?"

कचुबेरियाच्या धक्क्याला लागताना भरतीची ओढ होती. आम्ही होडीत सात जण, त्यातले चौघं एकाच दोराला धरून एकमेकांवर ओरडत होते. डबा काखेत मारून मीही तो धरला.